तुम्ही विचारलंत म्हणून : गुडघा बरा झाला, मग मी परत का खेळले नाही?

लग्नात विचारतात, ऑफिसात विचारतात, एकदा तर बक्षीस समारंभात माइकवरून विचारलं. "मॅडम, ऑपरेशन चांगलं झालं, वय हातात होतं, मग कबड्डी सोडून कोचिंगला का वळलात?" आजवर मी "घरच्या अडचणी" म्हणून सुटका करून घेतली. घरच्यांची कसलीच अडचण नव्हती.

काहींना वाटतं, मी पैशाला मुकले. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला वर्ल्ड कप आपण जिंकला आणि त्या संघातल्या महाराष्ट्राच्या तिघींना सरकारने प्रत्येकी एक कोटी दिले, हे सगळ्यांना पाठ. तिथवर किती जणी पोचतात? आमचं गणित साधं : क्रीडा कोट्यातली नोकरी आणि ऑफिसच्या संघाकडून खेळणं. प्रो कबड्डी २०१४ ला आली ती पुरुषांची. २०१६ साली तिच्याच झगमगाटात बायकांच्या तीन संघांची छोटीशी स्पर्धा झाली, पुढच्या वर्षी ती नव्हती. तेव्हा मी कुठलं सिंहासन सोडलं, ते तरी सांगा.

बाकीचे स्पष्ट म्हणतात, घाबरलात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गुडघा कसा गेला ते थोडक्यात. मातीवर आम्ही अनवाणी खेळायचो. अंगाला झटका बसला की पाय थोडा घसरायचा आणि जोर तिथेच जिरायचा. मॅटवर बूट आले, पकड आली. वळताना अंग फिरलं, पाऊल जागचं हललं नाही. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन, फिजिओ, सगळं रीतसर झालं आणि डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली.

परतल्यानंतरचा सामना ऑफिसांच्या स्पर्धेतला. आमच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, तिसरी माझ्याकडे. गुण आणायचा, नाहीतर स्वतः बाद व्हायचं. समोर चौघी उरलेल्या, म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या जादा गुणाचा प्रश्नच नाही. लेफ्ट कॉर्नरला, म्हणजे बचावाच्या डाव्या टोकाला, एक नवी पोरगी. पुढचा पाय ताठ, टाच मॅटवर रोवलेली, अंगाचा सगळा भार त्याच पायावर आणि नजर माझ्या हातांवर. अशी कॉर्नर म्हणजे फुकटचा गुण. तिच्या पावलाला पायाचं बोट लावायचं, ती झेपावली की तिला खेचत मध्यरेषा गाठायची. हे मी झोपेतही केलं असतं.

चढाईत ओलांडावीच लागते ती निदान रेषा ओलांडली. दम चालू होता. तिच्यासमोर गेले आणि पुढचं सगळं दिसलं : मी पाय घालणार, ही घोट्याला धरणार, मी मागे खेचणार, शेजारची कव्हर बाजूने येऊन आदळणार आणि आम्हा तिघींचं वजन त्या ताठ पायावर आडवं पडणार. गुडघा तिचा जाणार की माझा, ते मात्र दिसलं नाही. दम सोडला असता तर ओरडून सांगितलं असतं, "अगं, गुडघा वाकव!" पण चढाईत दुसरा शब्द तोंडातून निघाला की दम तुटतो. तीस सेकंदांतले बरेच सेकंद मी तिच्यासमोर नुसती डुलत राहिले आणि तशीच परत आले. अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. पंचांनी बाद दिलं. बाकावरून मॅनेजर ओरडले, "आंधळीलासुद्धा सापडला असता तो पाय!"

सामना हरलो. त्या एका चढाईमुळे हरलो असं नाही, पण ते कुणाला पटवणार? नंतर मी सरळ त्या पोरीकडे गेले, तिला उभं केलं, गुडघा किती वाकवायचा, भार मागच्या पायावर कसा ठेवायचा ते दाखवलं. आमच्या मुली बघत होत्या. लोकलमध्ये कॅप्टन माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतर मी चढाईला गेले नाही.

बरीच वर्षं मी हा किस्सा मला त्या पोरीची काळजी वाटली असा सांगितला. तसा तो गोड वाटतो. पण समोर मुरलेली कॉर्नर असती तर मी पाय घातला असता का? आणि घाबरलेच होते म्हणता, तर निदान रेषेपलीकडे तरी कशाला गेले? अलीकडून परतले असते तरी बादच होते.

विशीत मी आमच्या कोचबद्दल म्हणायचे, "खेळता येईना म्हणून गळ्यात शिट्टी." ती विशीतली मुलगी अजून माझ्याशी भांडते. मी म्हणते, तुझा गुडघा अजून गेला नव्हता. ती म्हणते, हे काय कारण झालं?

हल्ली मोठेपणाही चिकटवतात. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या मुली तयार केल्या आणि २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये त्यांनी आपल्याला २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं. मग म्हणतात, "तुमचंही तसंच काही स्वप्न असणार!" नाही हो. त्या फायनलला आपल्या संघात सोनाली शिंगटे, सायली केरिपाळे होत्या आणि मी टीव्हीसमोर आपल्याच मुलींसाठी घसा फोडत होते. पतियाळाचा सहा आठवड्यांचा कोचिंगचा कोर्स मी केला, कारण ऑफिसने सांगितलं, खेळत नसाल तर टेबलाचं काम घ्या. मला टेबल नको होतं.

आता मुली माझ्यामागे मला "गुडघेबाई" म्हणतात. एका पायावर नीट बसता-उठता येईपर्यंत मी अँकल होल्ड, म्हणजे घोट्याची पकड, शिकवत नाही. त्यात स्पर्धा हातच्या जातात, पालक कुरकुरतात, आणि प्रत्येक वेळी त्यांचं चूकच असतं असंही नाही.

सध्या माझ्याकडे ऑपरेशन झालेली एक मुलगी आहे. तिला या मोसमात मी उतरवतेय. मग तुमचं स्वतःचं कसं, असं तुम्ही विचारालच. जुळत नाही, मला कळतं. डॉक्टर हो म्हणालेत, तिला खेळायचंय, आणि लेफ्ट कॉर्नरला माझ्याकडे दुसरं कुणी नाही.