सोयाबीनचे पैसे, नावानिशी

अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या आमच्या ग्रीन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) कुणाला शेतीपोटी सरकारकडून किती पैसे मिळाले, हे घरबसल्या बघता येतं. ‘एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप’ ही संस्था कृषी खात्याकडून नोंदी मिळवते आणि 1995 पासूनच्या रकमा काउंटीनुसार, नावानिशी मांडते. घरामागे मका-सोयाबीन करणाऱ्या शेजाऱ्याचं नावही त्यात सापडलं. आकडा बघून मी हबकलेच. त्याला विचारलं, तर तो ना लाजला ना चिडला. “चीनशी वाद झाला, त्या वर्षांचे आहेत ते,” म्हणाला आणि कम्बाइनला ग्रीस भरत राहिला.

त्या व्यापारी वादाच्या भरपाईपोटी 2018 आणि 2019 साठी सरकारने सुमारे 23 अब्ज डॉलर वाटले. 2019 ला एकरी दर काउंटीनुसार ठरला, 15 ते 150 डॉलर. गावात त्याला कुणी फुकट्या म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. मग पीएम किसानच्या वर्षाच्या सहा हजार रुपयांवरून आपल्या शेतकऱ्याला ‘सगळं फुकटच पाहिजे’ असं पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावर का ऐकवतात? मी लातूरकडची. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागणं म्हणजे काय, ते घरात बघितलंय. इथे सरकारने धरलेल्या भावापेक्षा बाजार पडला, की ठरलेल्या क्षेत्रावरचा फरक खात्यात येतो. सोयाबीनचा तो भाव 2025 च्या कायद्याने बुशेलला 8.40 वरून 10 डॉलर केला. बुशेल म्हणजे साधारण 27 किलो. हे क्षेत्र जुन्या नोंदीवर ठरलेलं असतं, त्यामुळे यंदा त्यावर सोयाबीन पेरलंच पाहिजे असंही नाही.

सगळंच उघड आहे असंही नाही. पीकविम्याचा बराचसा हप्ता सरकार भरतं, पण तो कुणाकुणासाठी भरला, ती नावं मिळत नाहीत. आपल्याकडे पीएम किसानची गाववार यादी कुणीही उघडून बघू शकतं. त्याचं कौतुक मात्र कुणी करत नाही.

मला खरी पटलेली गोष्ट वेगळीच आहे. इथे जमीन रोख खंडाने घेतली, तर ही भावफरकाची रक्कम कसणाऱ्याला मिळते. वाट्याने असेल तर दोघांत विभागते. मालक पुढे खंड वाढवून त्यातलं काही काढून घेतात, हे खरं. तरी कागदावर कसणाऱ्याचं नाव असतं. आमच्या गावाकडे सातबारा बाबांच्या नावावर, म्हणून पीएम किसानचा हप्ता त्यांच्या खात्यात. त्यांनी उमेदीची वर्षं त्या मातीत घातली आहेत, हक्क त्यांचा आहेच, आणि तो कुणी काढून घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही. पण आता रान बटईने दिलंय. निम्मं बियाणं, निम्मं खत बटईदाराचं, राबणं सगळं त्याचं. दुबार पेरणी आली की बियाण्यासाठी उसनवारी तोच करतो. ई-केवायसीसाठी बाबांना मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेलं, तेही त्यानेच. त्या यादीत त्याचं नाव नाही, कारण त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही.