अंबरनाथला आधी बाहेरून फिरा

श्रावण जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महादेवाच्या देवळांच्या सहली ठरायला लागतात. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, ज्याला परवडेल त्याला काठमांडूचं पशुपतिनाथ. अंबरनाथचं नाव मीच दरवर्षी टाकतो, आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं, 'ते काय, जवळच आहे, कधीही जाऊ.'

मी ठाण्यात, चरईत वाढलो. सोमवारी जांभळी नाक्यावर बेल घ्यायचा आणि तिथल्या कौपिनेश्वर महादेवाला वाहायचा, ही आमच्या घरची रीत. तिथलं भलंमोठं शिवलिंग पाहून आजही ऊर भरून येतो. पण देऊळ म्हणून आज जे उभं आहे ते १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं, पुढे वाढवलेलं. ठाणं म्हणजे मध्ययुगात उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचं श्रीस्थानक, त्यांची राजधानी. त्यांचे कारागीर दगडात काय करू शकत होते, हे नीट बघायचं तर ठाणेकराला अंबरनाथची गाडी धरावी लागते.

शिलाहार राजा छित्तराजाने सुरू केलेलं अंबरनाथचं हे शिवमंदिर मम्वाणी राजाच्या काळात पूर्ण झालं. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे. मी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले, त्यामुळे देवळात शिरण्याआधी माझी नजर भिंतीच्या कोपऱ्यांवर जाते. इथे भिंत सरळ अशी नाहीच. कोपऱ्यातून कोपरा निघतो, त्यातून आणखी एक, आणि जोत्यापासून निघालेली प्रत्येक उभी रेघ शिखरापर्यंत चढत जाते. ही भूमिज शैली. शिखरावर चारी बाजूंना एकेक रुंद पट्टा आणि मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी. खाली हत्तींचा थर, त्याच्यावर माणसांचा. हे सगळं काळ्या कातळात! बेसॉल्टवर छिन्नी चालवून बघितलेल्याला विचारा, तो हात जोडेल. १८६८ च्या सुमारास मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टची मंडळी इथे येऊन चित्रं काढून, साचे घेऊन गेली, ते उगाच नाही.

लोक मात्र नंदीला हात लावून थेट आत जातात. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं, पिंडीवर पाणी घालायचं, वर मान केली तर शिखराचा माथा नसल्यामुळे मोकळं आकाश. ते सुंदरच आहे. पण परत येताना भिंतीकडे कुणी बघत नाही. कोनाड्यातल्या एखाद्या मूर्तीच्या तोंडाला पेढा चिकटवलेला दिसला की माझा जीव तळमळतो. शेजारून वाहणाऱ्या वालधुनी नदीची जी दशा केली आहे, त्यावर लिहायला बसलो तर हा लेख संपायचा नाही.

लेक इंडोनेशियात होती तेव्हा जावाचं प्रम्बानन पाहिलं. नवव्या शतकातलं. मधलं शिवाचं देऊळ ४७ मीटर उंच, तेही ज्वालामुखीच्याच दगडाचं. तिथे पायऱ्या चढून वर महादेवाकडे जायचं, आपल्याकडे उतरून. चार दिशांना चार दालनं: पूर्वेला उभा शिव, दक्षिणेला अगस्ती, पश्चिमेला गणपती, उत्तरेला महिषासुरमर्दिनी. बायकोने गणपतीसमोर आपोआप हात जोडले आणि अथर्वशीर्ष म्हणायला लागली. ढासळलेल्या दगडांचे ढीग जुळवून त्यांनी ते शिवमंदिर १९५३ मध्ये पुन्हा उभं केलं. आपलं अंबरनाथ साडेनऊशे वर्षं बऱ्यापैकी आपल्या पायावर उभं आहे, आणि तरी आपल्याच माणसांना त्याची सहल काढावीशी वाटत नाही.

जाणार असाल तर महाशिवरात्र टाळा. त्या दिवशी मोठी जत्रा असते. दर्शन होईल, भिंती दिसणार नाहीत. मधल्या वारी सकाळची बदलापूर किंवा कर्जत लोकल पकडा, अंबरनाथला पूर्वेला उतरून रिक्षा करा. पायाखालचा दगड तापायच्या आत बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, मग आत जा.