पॅरिस केलं का?

परवा दुपारी एक जुनी खांद्याची बॅग कुणाला तरी देऊन टाकायची म्हणून रिकामी करत होते. आतल्या कप्प्यात चार घड्यांचा कागद निघाला. अक्षर माझंच. वर ‘पॅरिस, २ दिवस’, खाली सरळ रेघ, आणि मग एकाखाली एक नावं: आयफेल टॉवर, आर्क द त्रियाँफ, नोत्र दाम, ओर्से, लूव्र, रोदँ म्युझियम. प्रत्येकासमोर बरोबरची खूण. पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यासारखं क्षणभर छान वाटलं. मग लक्षात आलं, रोदँ म्युझियमला, म्हणजे त्या शिल्पकाराच्या पुतळ्यांच्या म्युझियमला, आपण गेलोच नव्हतो.

म्हणजे, मला तरी आठवत नाही.

आपण मराठी माणसं शहरं ‘करतो’. रोम केलं का? लंडन मागच्याच वर्षी केलं. आता फक्त पूर्व युरोप करायचा राहिलाय. या क्रियापदाचा मला जुना राग आहे. स्वयंपाक करतात, हिशेब करतात. शहर कसं करणार? पण दोनच दिवस हातात असले की रागबिग गुंडाळून ठेवावा लागतो. धुण्याच्या ढिगासारखं शहर समोर पडलेलं असतं आणि अंधार पडायच्या आत उरकायचं असतं.

माझ्या बाबतीत या उरकण्याची सुरुवात चौथीत झाली. वर्गाची सहल एका वस्तुसंग्रहालयात गेली होती. बाईंनी निघण्याआधीच बजावलं होतं, प्रत्येकीनं दहा वस्तूंची नावं वहीत लिहून आणायची. झालं! पुढचा दीड तास चाळीस मुली काचांवर नाक टेकून पाट्या उतरवत होत्या. वस्तूकडे बघायला वेळ कुणाला? नाणी, हस्तिदंती फणी, ‘मूर्ती, भग्न’. भग्न म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मला ते मूर्तीचं आडनाव वाटलं. माझ्या नऊ वस्तू झाल्या आणि शिट्टी वाजली. रांगेकडे धावता धावता दाराजवळ भिंतीवर एक लाल वस्तू दिसली, तिच्याखाली पाटीही होती, ती उतरवली. दहावी वस्तू: अग्निशामक यंत्र.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. दहाच्या दहा वस्तूंना बरोबरची खूण.

त्या यंत्राची काळी नळी आणि तिचं जरासं सोललेलं टोक मला आजही दिसतं. बाकीच्या नवांतली एकही वस्तू डोळ्यांसमोर येत नाही.

तर पॅरिस. आमच्या वाट्याला सोमवार आणि मंगळवार आले होते. सोमवारी ओर्से, मंगळवारी लूव्र असं ठरलं. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ओर्से सोमवारी बंद असतं, लूव्र मंगळवारी. आम्ही दोन्ही वार अचूक साधले होते. बंद दारासमोर नवऱ्यानं विचारलं, ‘तू बघितलं होतंस ना?’ मी विचारलं, ‘तू बघणार होतास ना?’ बरं की दोन्ही म्युझियमं सेन नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. पूल ओलांडून लूव्रच्या रांगेत उभे राहिलो तरी आमचं हेच चालू होतं.

लूव्रमध्ये पस्तीस हजारांच्या आसपास वस्तू मांडलेल्या आहेत. एकीपुढे अर्धा मिनिट धरला, तर न झोपता न जेवता बारा दिवस लागतील; हा हिशेब मी रांगेतच केला. अर्धा मिनिट ही माझी कंजुषी नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नावाजलेल्या चित्रांपुढे लोक किती वेळ थांबतात ते कुणीतरी खरोखरच मोजलं होतं. २००१ साली ते छापून आलं. सरासरी २७ सेकंद, आणि निम्मे लोक तर १७ सेकंदांतच पुढे सरकलेले. आमच्या बाईंना १७ सेकंदही जास्तच वाटले असते.

मोना लिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. मी ती पाहिली ती मात्र पुढच्या माणसानं डोक्यावर धरलेल्या फोनमध्ये, म्हणजे फार तर चार बोटांएवढी. तेवढ्यात मागून धक्का आला, मी गर्रकन फिरले, आणि समोर अख्खी भिंत भरून एक लग्न चाललेलं! काना नावाच्या गावातलं ते बायबलमधलं लग्न, पाण्याचा द्राक्षरस होतो ते. व्हेरोनेझेनं १५६३ साली पुरं केलेलं, जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद. सव्वाशेच्या वर माणसं, वाजंत्री, कुत्री, वाढपी. लूव्रमधलं हे सगळ्यात मोठं चित्र, आणि दालनातल्या एकूण एक माणसाची त्याच्याकडे पाठ. लग्नाला येऊन पंगतीकडे पाठ करून उभं राहावं तसे सगळे उभे होते. मला त्या वऱ्हाडाची इतकी दया आली की मी पुढची दहा मिनिटं तिकडेच बघत राहिले. यादीत ते नव्हतं. त्याला खूण कुठे करणार?

आणि ती चोरी! २१ ऑगस्ट १९११ ला मोना लिसा भिंतीवरून गेली. तो सोमवार होता, आणि त्या काळी लूव्र सोमवारी बंद असे. व्हिन्चेन्झो पेरुज्जा हा चोर पूर्वी तिथेच कामाला होता. वेळापत्रक त्यानं आमच्यापेक्षा नीट वाचलं होतं. १९१३ च्या डिसेंबरात फ्लॉरेन्समध्ये चित्र सापडलं. पण मधल्या काळातली गोष्ट मला जास्त आवडते. चोरीनंतर आठवडाभरानं म्युझियम उघडलं तेव्हा लोक रांगा लावून ती रिकामी जागा बघायला आले होते. नुसते खिळे. त्या रांगेतल्या लोकांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल? मोना लिसा केली?

म्युझियममध्ये मी सगळ्यात मन लावून शोधते ते बाक. कुठल्या दालनात आहे, त्याला पाठ आहे की नाही, आधीच बसलेला माणूस उठण्याच्या बेतात आहे का. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली ‘म्युझियमचा थकवा’ या विषयावर लेखच लिहिला होता. एका माणसाला कपाटांमधल्या वस्तू नीट बघायला सांगून त्याचे फोटो काढले: हा वाकलेला, हा उकिडवा बसलेला, हा मान तिरकी करून आत डोकावतोय. दोष बघणाऱ्याचा नाही, मांडणीचा आहे, असं त्यांचं म्हणणं. शंभराहून अधिक वर्षं झाली, मी अजून तशीच उकिडवी बसते आणि उठताना काचेला हात लागला की पहारेकरी खाकरतो.

कागदावर नोत्र दामसमोरही खूण आहे. ती निम्मी खरी. आत जायला मोठी रांग होती, म्हणून आम्ही चौकातून वर बघितलं, फोटो काढला आणि ‘आतून पुढच्या वेळी’ म्हणून निघालो. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली आणि मनोरा वाकून कोसळताना टीव्हीवर दिसला. छपराखाली मध्ययुगातल्या ओक वृक्षांच्या तुळयांचा सांगाडा होता. तो इतका दाट, की त्याला नावच ‘जंगल’. ते सगळं जळालं. २०२४ च्या डिसेंबरात कॅथेड्रल पुन्हा उघडलं, नवं छप्पर, नवा मनोरा, सगळं पूर्वीसारखं. आत जाता येईलही कधीतरी. पण त्या दिवशी रांगेत उभं राहिलं असतं तर साधारण पाऊण तास गेला असता, आणि तो वाचवून आम्ही काय केलं ते मला काही केल्या आठवत नाही.

रोदँ म्युझियम केलं असेल का?

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘गेलो होतो की. बागेत नाही का, तो हनुवटीला हात लावून विचार करत बसलेला?’

‘तो टोकियोत पाहिला आपण.’

‘टोकियोत कसा येईल?’

त्या पुतळ्याचे ओतीव नमुने जगभर वीसाच्या वर आहेत, टोकियोतही एक आहे, हे सांगून झालं. त्यावर त्यानं हनुवटीला हात लावून जरा वेळ विचार केला.

‘कागदावर खूण आहे ना?’

‘आहे.’

‘मग झालं तर.’