एका आठवड्याचं बिऱ्हाड

टेनिसची एखादी स्पर्धा बंद पडली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तिने नुसतं घर बदललेलं असतं. म्हाळुंगे-बालेवाडीची ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ त्यातलीच. २०१८ ते २०२३ या काळात तिचे पाच हंगाम झाले, मधलं २०२१ कोरोनाने खाल्लं. आता ती नाही. हळहळ वाटते, पण ती पुण्याची होती का, हा प्रश्न जरा टोचरा आहे.

एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना. तिची स्पर्धा म्हणजे मुळात वेळापत्रकातला एक आठवडा. त्या आठवड्याचा परवाना ज्याच्या हातात, स्पर्धा त्याची. इथे तो आयएमजी या क्रीडा व्यवस्थापन कंपनीकडे होता आणि महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना यजमान होती. स्टेडियम आपलं, दिवे आपले, चेंडू वेचणारी मुलंही आपलीच. आठवडा मात्र भाड्याचा.

हे बिऱ्हाड १९९६ साली दिल्लीत उतरलं. पहिलं विजेतेपद स्वीडनच्या थॉमस एन्क्विस्टचं. वर्षभरात सामान चेन्नईला गेलं आणि नुंगमबक्कमच्या स्टेडियमवर २०१७ पर्यंत सलग २१ वर्षं राहिलं. दारावरची पाटी तेवढी बदलत गेली: गोल्ड फ्लेक, टाटा, एअरसेल. म्हणजे पुण्यात ‘टाटा’ हे नाव नव्याने आलं नाही, परत आलं. चेन्नईत वावरिंका चार वेळा जिंकला. २००८ मध्ये नदालने उपांत्य फेरीत मोयाला हरवायला जवळजवळ चार तास घेतले आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात यूझ्नीने त्याला ६-०, ६-१ असं गुंडाळलं. तो निकाल आदल्या दिवशीच लागला होता, असं म्हणायला हरकत नाही.

मुंबईतही असं एक बिऱ्हाड येऊन गेलं. हो चि मिन्ह सिटीतून आलेली स्पर्धा २००६ आणि २००७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात झाली. २००८ मध्ये ती बंगळुरूला होणार होती, ती सुरक्षेच्या कारणावरून रद्दच झाली. दोन वर्षांच्या भाडेकरूला कोण लक्षात ठेवतं!

बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं. चेन्नई समुद्राला खेटून, तर पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर. उंचीवरच्या खेळासाठी वेगळे चेंडू असतात, पण ते १,२१९ मीटरच्या वर. त्यामुळे पुण्यात नेहमीचेच चेंडू वापरायचे, आणि हवा किंचित विरळ असल्याने तेच चेंडू किंचित जास्त पळतात. जोरकस सर्व्हिस करणाऱ्याचं फावतं. पाच अंतिम सामन्यांपैकी पहिल्या चारांमध्ये पहिला सेट ६-६ अशा बरोबरीनंतर टायब्रेकरवर गेला. हा निव्वळ हवेचा परिणाम म्हणणं धाडसाचं होईल, पण २०१९ चा सामना बघा. केविन अँडरसन २.०३ मीटर उंच, समोर इव्हो कार्लोविच २.११ मीटर. ७-६, ६-७, ७-६. तिन्ही सेट टायब्रेकरवर. कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता. १९७७ मध्ये हाँगकाँगला केन रोझवॉल अंतिम फेरीत खेळला, त्यानंतर इतक्या वयाचा कुणी एटीपीच्या अंतिम सामन्यात पोचलेला नव्हता.

अशा सामन्यात चेंडू बदलण्याची वेळ फार मोलाची. पहिल्या सात गेमनंतर नवे चेंडू येतात, पुढे दर नऊ गेमनी. पहिल्यांदा सातच का? सामन्याआधीच्या सरावात चेंडू झिजतात, ते दोन गेमचे धरलेले असतात. वापरून चेंडूची लव उभी राहते, तो फुगतो आणि मंदावतो. नवा चेंडू गुळगुळीत आणि तेज. म्हणून सर्व्हिस करणारा तो उंचावून समोरच्याला दाखवतो, बाबा रे, सांभाळ. टेनिसमधला हा शिष्टाचार मला फार आवडतो.

दुसरी दुर्लक्षित वस्तू म्हणजे जाळीखालच्या दोन काठ्या. दुहेरीच्या रुंद जाळीवर एकेरीचा सामना असला की एकेरीच्या रेषेबाहेर ०.९१४ मीटरवर दोन्ही बाजूंना १.०७ मीटरची एकेक काठी लावतात. ती विसरली तर कडेला जाळी खाली राहते आणि रेषेलगतचा फटका फुकटात सोपा होतो. दुहेरी सुरू होण्याआधी त्या काढायच्या. पुण्यात काठ्या काढल्यावरच, म्हणजे दुहेरीच्या विजेतेपदातच, आपला झेंडा वर गेला: २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन.

एकेरीचा ड्रॉ २८ जणांचा, पण तक्ता ३२ घरांचा. रिकामी चार घरं म्हणजे पहिल्या चार मानांकितांना बाय, पहिली फेरी न खेळता थेट दुसरीत. ही मेजवानी वाटते, पण त्यात मेख आहे. बाय मिळालेला खेळाडू आपला पहिलाच सामना हरला तर त्याला पैसे दुसऱ्या फेरीचे मिळतात, क्रमवारीचे गुण मात्र पहिल्या फेरीत हरणाऱ्याचे, म्हणजे शून्य. प्रेक्षक ज्याच्यासाठी तिकीट काढतो तो मंगळवारपर्यंत दिसत नाही आणि गुरुवारी कधी कधी विमानात असतो. २०२३ मध्ये अग्रमानांकित चिलिचने गुडघ्यामुळे उपांत्यपूर्व फेरीआधीच माघार घेतली. पुढे मेलबर्नची ऑस्ट्रेलियन ओपन असताना कुणी दुखरा गुडघा पणाला लावत नाही.

जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे त्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या वरातीपुढची जागा. २०१८ आणि २०१९ मध्ये त्याच दिवसांत दोहा आणि ब्रिस्बेनही होतं. ब्रिस्बेनला खेळणारा आधीच ऑस्ट्रेलियात असतो. पुण्याहून जाणाऱ्याला लांबचा प्रवास आणि साडेपाच तासांचा घड्याळातला फरक पचवावा लागतो. म्हणूनच जानेवारीत पुण्याचा अंतिम सामना शनिवारी उरकायचा. मोठं नाव हवं तर हजेरीचं मानधन मोजा. पुण्यासारख्या २५० दर्जाच्या, म्हणजे विजेत्याला २५० गुण देणाऱ्या स्पर्धेत त्याला परवानगी आहे, आणि खर्चाचं गणित तिथेच हाताबाहेर जातं.

२०२० मध्ये एटीपी कप या देशांच्या संघांच्या स्पर्धेने जानेवारीची सुरुवात व्यापली आणि पुण्याला फेब्रुवारीत ढकललं. अंतिम सामना रविवारी आला, एवढाच फायदा. त्या आठवड्यात फ्रान्सच्या माँपेलियेला इनडोअर आणि अर्जेंटिनाच्या कोर्दोबाला क्ले, म्हणजे मातीच्या कोर्टवरची स्पर्धा. ऑस्ट्रेलियाहून निघालेला माणूस युरोपात किंवा दक्षिण अमेरिकेत जातो, कारण त्याच्या पुढच्या स्पर्धा तिकडेच असतात. पुणे कुणाच्याच वाटेवर नव्हतं. २०२३ ला जानेवारी परत मिळाला, नेदरलंड्सचा ग्रीक्सपूर जिंकला, आणि खेळ आटोपला.

२०२४ च्या वेळापत्रकात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हाँगकाँग आलं. तिथूनही हे पाहुणे २००२ नंतर गेलेले, ते बावीस वर्षांनी परतले. तिथे उपविजेता ठरला फिनलंडचा रुसुवुओरी, २०२२ च्या पुण्याचाही उपविजेता तोच.

बालेवाडीच्या वाट्याला त्याच वर्षी फेब्रुवारीत चॅलेंजर १०० ही खालच्या पायरीची स्पर्धा आली. विजेत्याला २५० ऐवजी १०० गुण, नावं फारशी ओळखीची नाहीत. ती जिंकली मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने, अंतिम सामन्यात पहिला सेट गमावून. ऑक्टोबर २०२५ मध्ये जगात २०४ वा असलेला हाच माणूस शांघाय मास्टर्सला पात्रता फेरीतून आत शिरला आणि करंडक घेऊनच बाहेर पडला.