पुढचे हब बदलले, कंपनीचा आधार संपला

मागच्या नोंदीनंतर माझ्या रेसिंगच्या गाडीचे पुढचे दोन्ही हब (चाक ज्यावर बसते आणि फिरते, तो बेअरिंगसह भाग) बदलून झाले आहेत. गाडी जॅकवर घेऊन चाक वर आणि खाली धरून हलवले, की बेअरिंगमधला प्ले (सैलपणा) हाताला जाणवत होता. स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या रेसिंगच्या टायरमुळे वळणावर जो भार येतो, तो रस्त्यावरच्या वापरासाठी बनवलेल्या बेअरिंगला फार काळ सोसत नाही. त्यामुळे हब आपल्याला ब्रेक पॅडसारखेच गृहीत धरून बदलावे लागतात. या खेपेला मात्र ते पूर्ण किमतीला घ्यावे लागले, कारण उत्पादक कंपनीने हौशी स्पर्धकांसाठीची सवलत योजना गुंडाळली आहे.

राग येतोच, तरी कंपनीच्या बाजूने हिशेब मांडून पाहिला. हौशी रेसिंगला दिलेला पैसा बहुधा जाहिरातीच्या खात्यातून येतो आणि विक्री मंदावली की पहिली कात्री त्याच खात्याला लागते. 2008 च्या डिसेंबरात होंडाने फॉर्म्युला वनमधून, तर सुबारू आणि सुझुकीने जागतिक रॅली स्पर्धेतून काढता पाय घेतला होता. एवढ्या झगमगाटातल्या संघांची ही गत, तर मूठभर प्रेक्षकांपुढे धावणाऱ्या आपल्याला कोण विचारतो? अपघाताने नाव खराब होण्याची धास्तीही जुनीच आहे. 1955 मध्ये फ्रान्समधील ल मान्सच्या शर्यतीत ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि 1957 मध्ये अमेरिकी कारउत्पादकांच्या संघटनेने रेसिंगला पाठबळ न देण्याचा ठराव केला. (तो किती पाळला गेला, हा भाग वेगळा.)

माझ्या मते खरे कारण शोरूममध्ये आहे. आपण पळवतो ती मॉडेल विक्रीतून केव्हाच गेलेली असतात, त्यामुळे आपल्या विजयाने एकही नवी गाडी खपत नाही. त्यात आता कंपन्यांना विजेवरच्या गाड्या विकायच्या आहेत. फोक्सवॅगनने तर 2019 मध्येच ज्वलन इंजिनाच्या रेसिंगमधून कारखान्याचा सहभाग संपवण्याचे जाहीर केले.

तरीही कंपनी गेली म्हणजे स्पर्धेचा तो वर्ग बुडालाच, असे नाही. 1967 मध्ये सुरू झालेल्या फॉर्म्युला फोर्ड या एकआसनी गाड्यांच्या वर्गाची सारी भिस्त फोर्डच्या केंट इंजिनावर होती. पुढे अमेरिकेतील एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या क्लबने 2010 मध्ये त्याच वर्गात होंडा फिटच्या इंजिनाला परवानगी दिली. नियमांची मालकी क्लबकडे होती, म्हणूनच हे जमले. आपल्या वर्गाच्या नियमांत मात्र 'मूळ उत्पादकाचाच हब' ही अट अजून कायम आहे. तितक्याच मापाचे, पण अधिक भार पेलणारे बेअरिंग चालावे, असा अर्ज मी क्लबच्या तांत्रिक समितीकडे दिला आहे. दरम्यान, काढलेल्या हबपैकी डावा उघडून पाहिला: बेअरिंगच्या आतल्या रेसवर (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या कडीवर) एकाच बाजूला निळसर डाग आणि खड्डे पडले आहेत, उजवा त्या मानाने बरा आहे. पुढच्या नोंदीत अलाइनमेंटचे (चाकांच्या कोनांचे) आकडे देईन.