टँकर येईपर्यंत

वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला की माणसं धुराबद्दल बोलतात, शिट्टीबद्दल बोलतात, फार तर झुकझुक आवाजाबद्दल. पाण्याचं नाव कुणी काढत नाही. मीही काढलं नसतं. पण उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या स्टेशनात वाफेच्या इंजिनाची सहलीची गाडी बघायला म्हणून गेलो, तेव्हा पहिला पाऊण तास बघायला मिळालं ते इतकंच : एक भलंथोरलं हिरवं इंजिन, त्याच्यामागे डब्यांची लांबलचक रांग, आणि हे सगळं लटांबर मेन लाइन सोडून बाजूच्या लूपमध्ये उभं. ते टँकरची वाट बघत होतं.

मधेच मेन लाइनवरून रोजची एक्स्प्रेस सणसणत गेली. इंजिनाचा फोटो घ्यायला दबा धरून बसलेली मंडळी वैतागली, ‘ही कुठे आत्ताच कडमडली!’ म्हणून. वास्तविक वेळापत्रकातली गाडी ती होती. कडमडलो होतो आम्ही.

टँकर येत नव्हता, त्यामुळे हिशेब करायला भरपूर वेळ होता. मोठ्या एक्स्प्रेस इंजिनाला मैलामागे साधारण ४० गॅलन पाणी लागतं, म्हणजे १८० लिटरच्या आसपास. टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीच्या, टाकीत मावतं ५,००० गॅलन. भागाकार केला तर सव्वाशे मैल येतात, पण टाकीचा तळ दिसेपर्यंत गाडी दामटणारा ड्रायव्हर फार दिवस ड्रायव्हर राहत नाही. शंभर मैलांच्या आत कुठेतरी पाणी घ्यावंच लागतं. कोळसा संपला तर इंजिन नुसतं थांबेल. पाण्याचं तसं नाही. बॉयलरमधलं पाणी वाफ तर देतंच, पण फायरबॉक्सचं, म्हणजे भट्टीचं, छतही बुडवून ठेवतं. खाली धगधगता जाळ, वर पाणी, म्हणून ते छत शाबूत असतं. पाणी उतरलं की छत उघडं पडतं, तापून मऊ होतं, आणि वरून वाफेचा दाब आहेच. पुढे काय होतं ते सांगायला जवळपासची माणसं उरत नाहीत. म्हणून त्या छतात सहज वितळणाऱ्या धातूचे प्लग बसवलेले असतात. पाणी उतरलं की ते आधी वितळतात आणि वाफ खाली सोडून फायरमनला इशारा देतात. फायरमन एक डोळा पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर ठेवूनच फावडं चालवतो.

वाफेच्या राज्यात या पाण्याची तजवीज रेल्वेनेच करून ठेवली होती. फलाटाच्या टोकाला सोंडेसारखा पाइप असलेले पाण्याचे खांब असायचे. त्याहून गमतीशीर होत्या त्या रुळांच्या मधोमध पसरलेल्या पाण्याच्या लांबच लांब पन्हळी. जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंजिनिअरने १८६० मध्ये वेल्समधल्या मॉक्‌ड्रे इथे पहिली पन्हळ टाकली. धावत्या गाडीच्या टेंडरखालून एक चमचा त्या पाण्यात सोडायचा. गाडीच्या वेगानेच पाणी वर टाकीत चढायचं. थांबायला नको, पंप नको. त्या जोरावर १ मे १९२८ रोजी फ्लाइंग स्कॉट्समन गाडी लंडन ते एडिंबरा हे ३९२ मैल कुठेही न थांबता गेली. इंजिनावरची माणसं बदलायची म्हणून टेंडरमधूनच एक बोळ काढला होता.

बरोबर ४० वर्षांनी, १ मे १९६८ ला, ती गाडी ओढणाऱ्या, तिचंच नाव लावणाऱ्या त्याच इंजिनाने तीच दौड पुन्हा केली. तोवर पन्हळी उखडायला सुरुवात झाली होती. इंजिनाचे तेव्हाचे मालक अ‍ॅलन पेग्लर यांनी काय करावं? मागे आणखी एक टेंडर जोडला. कोळशासाठी नव्हे, निव्वळ पाण्यासाठी. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग फार आवडतो. हौशी माणसाने मेन लाइनवर इंजिन काढायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती पाण्याची, हे त्या माणसाने किती लवकर ओळखलं!

त्याच वर्षी ११ ऑगस्टला ब्रिटिश रेलने वाफेची शेवटची गाडी सोडली. तिकीट १५ गिनी, म्हणून ती गाडीही ‘फिफ्टीन गिनी स्पेशल’ याच नावाने ओळखली जाते. दुसऱ्या दिवसापासून मेन लाइनवर वाफेच्या इंजिनाला बंदी. पेग्लर यांच्याकडे आधीच केलेला करार होता, तेवढा अपवाद. ही बंदी उठली ऑक्टोबर १९७१ मध्ये. उठली म्हणजे काय, तर या म्हणाले, पण पाणी घरून आणा. खांब गेले, पन्हळी गेल्या; आता रस्त्याने टँकर बोलवायचा, नाहीतर अग्निशमनाच्या हायड्रंटला पाइप लावायचा. ज्या इंजिनाच्या जिवावर हे रूळ पडले, त्याची अवस्था आता निवृत्त साहेबासारखी झाली आहे. स्वतः उभारलेल्या कचेरीत आला की दारावर वहीत सही करायची, गळ्यात पास अडकवायचा आणि चहासुद्धा थर्मासमधून आणायचा.

पासच्या अटीही थोड्या नाहीत. मोठ्या चाकांच्या इंजिनाला सहसा ताशी ७५ मैलांच्या वर जायला मनाई. मागून सव्वाशेच्या वेगाने गाडी येत असेल तर लूपमध्ये शिरून तिला वाट द्यायची. वर २५,००० व्होल्टची तार असेल तर टेंडरवर चढायचं नाही, कोळसा पुढे ओढायलाही नाही. इंजिन फिरवायला टर्नटेबल मोजक्याच जागी उरली आहेत, म्हणून परतीचा रस्ता त्यांच्या हिशेबाने आखायचा. उन्हाळा कोरडा असेल तर ठिणग्यांनी रुळाकाठचं गवत पेटतं, मग त्या दिवशी गाडी डिझेलच ओढतं. एरवीही शेवटच्या डब्यामागे एक डिझेल इंजिन गुपचूप जोडलेलं असतं, अडलंनडलं तर असू दे म्हणून. फोटो काढणारे ते नेमकं चौकटीबाहेर ठेवतात. मी मुद्दाम जाऊन बघितलं. उतारावर आजोबांच्या मागे हात न लावता चालणाऱ्या नातवासारखं दिसत होतं.

आता यातली कुठली अट निव्वळ कटकट आहे असं मी म्हणणार होतो, पण ७ मार्च २०१५ आठवला. इंग्लंडमधल्या वूटन बॅसेट जंक्शनच्या अलीकडे एका तात्पुरत्या वेगमर्यादेचा इशारा इंजिनावरच्या पेटीतून वाजला, त्याला वेळेत उत्तर गेलं नाही, ब्रेक आपोआप लागले. ते सोडवायला इंजिनावरच्या माणसांनी त्या इशारा यंत्रणेचा कॉकच फिरवून ती बंद करून टाकली. पुढचा लाल सिग्नल ओलांडून वाफेची गाडी थेट जंक्शनवर जाऊन उभी राहिली. तिथूनच एक हायस्पीड गाडी गेल्याला मिनिटही झालं नव्हतं. आणि वाफेच्या इंजिनात ड्रायव्हर बसतो बॉयलरच्या मागे. समोरचा अर्धा मुलूख त्याला दिसतच नाही. अशा जागी पेटीतून वाजणाऱ्या इशाऱ्याला भुणभुण म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

टॉर्नेडो हे इंजिन बांधणाऱ्यांनी यातलं बरंच आधी ताडलं होतं. त्या जातीची ४९ इंजिनं होती, झाडून सगळी भंगारात गेली. हौशी लोकांनी वर्गणी काढून पन्नासावं नव्याने बांधलं आणि ते २००८ मध्ये पुरं झालं. जुन्या नकाशावरून बांधताना टेंडरमध्ये मात्र त्यांनी हात घातला : कोळशाची जागा कमी केली आणि पाणी ५,००० वरून ६,२०० गॅलन केलं. हे वाचल्यावर मला त्या माणसांबद्दल एकदम भरवसा वाटला. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीच्या चाचणीत हे इंजिन ताशी १०० मैलांवर गेलं. पुढल्या एप्रिलमध्ये ९० मैलांची खास परवानगी घेऊन प्रवाशांसह निघालं, आणि सँडी गावाजवळ आतलं व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडणारी यंत्रणा, मोडून बसलं. मागची वाहतूक खोळंबली. ज्यांना कामावर पोचायचं होतं त्यांनी त्या दिवशी वारशाबद्दल काय उद्गार काढले असतील ते मराठीत लिहिता येईल, पण छापता येणार नाही. आता सिग्नल रुळाकाठून ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर येऊ घातले आहेत, म्हणून तो पडदाही टॉर्नेडोवर बसवायचं काम या मंडळींनी अंगावर घेतलं. काजळी, धग, हादरे आणि त्यात कॉम्प्युटर!

अमेरिकेत बिग बॉय नावाचं १९४१ चं इंजिन २०१९ पासून पुन्हा धावतंय. कोळशाऐवजी ते आता तेल जाळतं, पण पाण्यापुढे त्याचंही काही चाललेलं नाही. पाण्याच्या दोन जादा टाक्या मागे ओढत फिरतं. २०२३ च्या जूनमध्ये मात्र नेब्रास्कात एक मालगाडी अडून पडली आणि तिला याच म्हाताऱ्याने मागून रेटा दिला. अशा वेळी थर्मासचा चहा सुद्धा गोड लागत असेल.

कोळशाचं सांगायचं राहिलं. वेल्समधली फोस-इ-फ्रान ही मोठी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. ३० सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनमधलं कोळशावरचं शेवटचं वीज केंद्रही थांबलं. ज्या देशाने कोळशावर जग पालथं घातलं, तिथल्या सहलीच्या गाड्यांसाठी आता कोळसा बोटीने परदेशातून येतो. म्हणजे पाणी टँकरने, कोळसा बोटीने आणि हिंमत मागच्या डिझेलची. तरी तिकिटं संपलेली असतात.

एवढ्यात टँकर आला. पिवळी जाकिटं घातलेल्या दोघांनी जाडजूड पाइप ओढत नेला, एकाने टेंडरला जोडला, दुसऱ्याने झडप उघडली. अर्धा तास पाणी चढत होतं. डब्यांमधले प्रवासी फलाटावर उतरून इंजिनाचे फोटो काढत होते. टँकरचा फोटो एकट्या मी काढला. पाइप गुंडाळणाऱ्याला विचारलं, आता कुठे? तो म्हणाला, पुढच्या थांब्याला, गाडीच्या आधी पोचायला हवं.

इंजिनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत होता. सिग्नल अजून लाल. अजून एक एक्स्प्रेस जायची होती म्हणे. टँकरने वळण घेतलं, हॉर्न दिला आणि तो पुढे निघून गेला.