नेट नेमकं कधी तुटलं? आयपी मॉनिटरला विचारा

दर सेकंदाला पिंग मारत (समोरून उत्तर येतं का ते तपासत) बसण्यापेक्षा लिनक्सच्या कर्नललाच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यालाच, बोलू द्यावं. टर्मिनलमध्ये 'आयपी -टीएस मॉनिटर लिंक अ‍ॅड्रेस राउट' चालवा. रूटची, म्हणजे अ‍ॅडमिनची, परवानगी लागत नाही. नेटलिंक सॉकेटवर (कर्नल निरोप पाठवतो त्या वाटेवर) जोडणी, पत्ता किंवा मार्गाचा बदल आला की लगेच वेळेसकट ओळ छापली जाते.

मात्र ही कमांड सुरू केल्यानंतरचेच बदल दाखवते. म्हणून आधी 'आयपी -बीआर लिंक' चालवून सध्याची स्थिती पाहून ठेवा.

आता लॅनची केबल उपसा. लिंकच्या ओळीत 'नो-कॅरियर' येतं आणि 'लोअर_अप' जातं, पण साधं 'अप' तसंच राहतं. गोंधळ इथेच होतो. 'अप' म्हणजे इंटरफेस (नेटवर्क कार्ड) आपण चालू ठेवलाय, 'लोअर_अप' म्हणजे पलीकडून खरोखर सिग्नल येतोय. केबल सैल आहे की कोणी 'डाउन' केलंय, हे या दोन शब्दांवरूनच कळतं. ओळीत वेळेनंतर लगेच 'डिलीटेड' दिसलं, तर तो पत्ता किंवा मार्ग गेला.

डीएचसीपीची, म्हणजे आपोआप मिळालेल्या पत्त्याची, मुदत वाढली की तोच पत्ता पुन्हा छापला जातो. तो बिघाड नव्हे. कमांडला 'नेबर' (शेजारच्या यंत्रांच्या नोंदी) मात्र जोडू नका, 'स्टेल' आणि 'रीचेबल'च्या माऱ्यात कामाची ओळ हरवते.

हव्या त्या ओळी गाळून घ्यायला हे सगळं ग्रेप या कमांडला पाइप करून पुढे फाइलमध्ये साठवताना ओळी उशिरा येतात, कारण ग्रेप त्या बफरमध्ये धरून ठेवतो. त्याला लाइन-बफर्डचा पर्याय द्या. वायफाय एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर गेलं, तर त्यासाठी 'आयडब्ल्यू इव्हेंट -टी' बरं.